वूस्टरच्या पानांवरून सरगम : कामाच्या नोंदी

५ जानेवारी

आजपासून ही वही. काम थोडक्यात असं : इंग्लंडमधल्या वूस्टर कॅथीड्रलच्या मठाशी नातं असलेल्या, तेराव्या शतकाचा उत्तरार्ध ते चौदाव्याचा मध्य या काळातल्या बहुस्वरी (एकाच वेळी अनेक आवाज वेगवेगळ्या ओळी गातात अशा) रचनांपैकी तीन-चार निवडायच्या, मूळ पानांच्या छायाचित्रांवरून वाचायच्या आणि सरगममध्ये उतरवून गायच्या. गाणारे आम्ही चौघं. मी, दादा, आमच्याच गल्लीतल्या काकू आणि त्यांचा भाचा. चौघंही बर्मिंगहॅममध्ये राहणारे, चौघंही कमी-जास्त हिंदुस्थानी शिकलेले. पाच रेघांचं नोटेशन एकट्या भाच्याला सफाईने वाचता येतं, म्हणून सरगम.

‘रचना’ म्हटलं तरी हाताशी ग्रंथ नाही. मूळचे मोठे संगीतग्रंथ कधीच सुटे झाले आणि त्यांची पानं दुसऱ्या पुस्तकांच्या बांधणीत गेली. कुठे लाकडी फळीला आतून चिकटवलेलं अस्तर, कुठे मजकुराच्या मागेपुढे राखणीला घातलेलं जादा पान, कुठे शिवण फाटू नये म्हणून कण्याशी लावलेली बोटभर पट्टी. सोडवलेली पानं आज वूस्टरमध्ये ‘अॅडिशनल ६८’ या क्रमांकाखाली आहेत, काही ऑक्सफर्डच्या बॉडलियनमध्ये आणि मॉडलिन कॉलेजात, काही लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत. त्यांतून शंभरावर रचना ओळखल्या गेल्या आहेत, पण अखंड हाती आलेल्या थोड्याच. सगळ्यांना मिळून ‘वूस्टर फ्रॅगमेंट्स’ म्हणतात.

नियम एकच ठेवला आहे. आधी छायाचित्र, मग आपलं वाचन, आणि छापील आवृत्ती सगळ्यात शेवटी. अँसेल्म ह्यूज या अँग्लिकन बेनेडिक्टाइन संन्याशाने यातलं बरंच १९२८ साली पहिल्यांदा छापलं, ल्यूथर डिटमर यांनी १९५७ मध्ये अख्खा संग्रह क्रमांक लावून दिला. हे आधी उघडलं तर डोळे त्यांच्याच वाटेने जातील.

८ जानेवारी

छायाचित्रांसाठी ‘डायम’वर खातं काढलं. मध्ययुगीन संगीताच्या हस्तलिखितांचा हा डिजिटल संग्रह मार्गारेट बेंट आणि अँड्र्यू वॅथी यांनी १९९८ मध्ये सुरू केला, तो इंग्लंडमधल्या अशा सुट्या पानांपासूनच. फोटो इतके बारकाईने काढलेले आहेत की चामड्यावरची केसांच्या मुळांची छिद्रंही दिसतात.

१२ जानेवारी

काकूंनी विचारलं, “एवढं चांगलं गाणं फाडलं कुणी?” मी ताबडतोब इंग्लंडचा राजा आठवा हेन्री म्हणून मोकळी झाले. रात्री बसून वाचलं तेव्हा उत्तर निम्मंच बरोबर निघालं. दुरुस्ती इथे लिहून ठेवते.

हेन्रीच्या काळात, १५३६ ते १५४० या चार-पाच वर्षांत, इंग्लंडमधले मठ बंद झाले. वूस्टरचा मठ १५४० च्या जानेवारीत गेला. १५४९ मध्ये इंग्रजी प्रार्थनापुस्तक सक्तीचं झालं, लॅटिन उपासना थांबली, आणि पाठोपाठच्या कायद्याने उपासनेची जुनी पुस्तकं नष्ट करायला सांगितली. जॉन बेल हा स्वतः कट्टर सुधारणावादी आणि पूर्वाश्रमीचा कार्मेलाइट संन्यासी. मठ बुडाले याचं त्याला दुःख नव्हतं, पण पुस्तकांचे हाल पाहून तो कळवळला. त्याने १५४९ मध्येच लिहून ठेवलं आहे की लोक या पानांनी मेणबत्तीदानं घासतात, बूट पुसतात, किराणावाले आणि साबणवाले ती विकत घेतात, आणि जहाजंच्या जहाजं भरून परदेशातल्या पुस्तकबांधणीवाल्यांकडे जातात. नील कर यांनी ऑक्सफर्डच्या साधारण १५१५ ते १६२० मधल्या बांधण्या तपासून अस्तर झालेल्या हस्तलिखित पानांची जी यादी १९५४ मध्ये छापली, ती वाचताना बेलचं म्हणणं पानोपानी पटतं.

पण वूस्टरची आमची बरीच पानं त्याच्याही आधी गेली होती. मठ शाबूत असताना, मठाच्याच पुस्तकांच्या बांधणीत. कारण धर्माचं नव्हे, जुनं झाल्याचं. चौदाव्या शतकात फ्रान्समधून लय लिहिण्याची नवी पद्धत आली, आवडही बदलली, आणि आजोबांच्या पिढीची बहुस्वरी गाणी कुणी गाईनासं झालं. चर्मपत्र म्हणजे मेंढीचं किंवा वासराचं कमावलेलं कातडं. ते काही कुणी फेकून देत नाही. ग्रंथपालाने ते खळ लावून अस्तराला वापरलं, यात मला क्रौर्य दिसत नाही. घरात जुन्या नऊवारीची गोधडी होते तसंच ते.

याच मठाचं साध्या एकसुरी स्तोत्रगायनाचं तेराव्या शतकातलं पुस्तक, एफ १६० क्रमांकाचं, आजही वूस्टरच्या ग्रंथालयात पुस्तकाच्या रूपात आहे. ते गाणं पिढ्यान्‌पिढ्या तेच राहिलं, म्हणून पुस्तकाचा उपयोग संपला नाही. ज्यावर त्या काळच्या सर्वांत हुशार गवयांनी डोकं खपवलं ते मात्र पट्ट्या होऊन आलं.

१९ जानेवारी

चौघं मिळून वूस्टरला जाऊन आलो. सेव्हर्न नदी फुगलेली होती, काठच्या कुरणात पाणी आणि त्यावर हंस. कॅथीड्रलखाली नदीकडे उघडणारा जुना दरवाजा आहे. त्याच्या भिंतीवर जुन्या पुरांच्या खुणा कोरल्या आहेत. १९४७ ची खूण दादाच्या डोक्याच्या वर.

आत जॉन राजाची कबर आहे. तो १२१६ मध्ये गेला. त्यानंतर आठ वर्षांनी, १२२४ मध्ये, पूर्वेकडचं टोक पाडून नव्याने बांधायला घेतलं. मेरीच्या नावाची रोजची उपासना चाले ती अशा पूर्वेकडच्या चॅपेलमध्ये. फ्रॅगमेंट्समध्ये मेरीवरच्या रचना इतक्या का, ते तिथे उभं राहिल्यावर कळलं. ग्रंथालय दक्षिणेच्या बाजूला वरच्या अंगाला आहे, दगडी गोल जिन्याने जावं लागतं. आम्ही खालीच थांबलो, हस्तलिखितं बघायला वेळ ठरवून यावं लागतं आणि आमचं काम छायाचित्रांवर भागतं.

मठवासी जिथे रोज सभेला बसत ती खोली गोल आहे, मध्ये एकच खांब आणि त्यावरून छताच्या कमानी फुटलेल्या. बाराव्या शतकाच्या सुरुवातीची. काकूंनी हळूच सा लावला. खोलीने तो बराच वेळ धरून ठेवला.

२ फेब्रुवारी

वाचनाला खरी सुरुवात. अडचणी ज्या क्रमाने आल्या त्याच क्रमाने :

वरची रेघ कापलेली. बांधणीवाल्याला फळीच्या मापाचं अस्तर हवं होतं, त्याने सुरीने वरचा भाग उडवला. स्वर कोणत्या रेघेवर आहे हे मोजायला रेघा खालून धराव्या लागतात, आणि किल्लीची खूण (कोणती रेघ कोणता स्वर ते सांगणारी) समासात कापली गेली असेल तर दुसऱ्या ओळीवरून अंदाज.

खळीचे डाग. डाग तपकिरी, शाईही तपकिरी. फोटोचे रंग वेगवेगळे करून बघितल्यावर शाई थोडी सुटून येते. लाल रेघा मात्र डागातूनही स्पष्ट दिसतात.

उलटी अक्षरं. अस्तराचं पान फळीवरून सोलताना कधी कधी शाईचा थर फळीला चिकटून राहतो. मग पानावर फिकट आणि फळीवर ठसठशीत, पण आरशातल्यासारखं उलटं. माझ्या पानांना हा प्रसंग आला नाही, पण दुसऱ्या एका फळीचा असा फोटो मी संगणकावर उलटा करून वाचून पाहिला. ओळ वाचता आली तेव्हा दहा मिनिटं खुर्चीवरून उठले नाही.

लय. हे सगळ्यांत अवघड. चौकोनाला शेपूट म्हणजे लांब स्वर एवढं सगळीकडे सारखं, पण आखूड स्वरासाठी इंग्लंडच्या लेखकूंना तिरका शंकरपाळ्यासारखा आकार पसंत होता. युरोपात इतरत्र हाच आकार आणखी लहान स्वरासाठी. म्हणजे खूण तीच, काळ वेगळा. मी पहिली दोन पानं युरोपच्या हिशेबाने वाचली आणि सगळं दुप्पट घाईत पळायला लागलं. भाच्याने चूक पकडली. आता लांब-आखूड, लांब-आखूड, दोन मात्रा आणि एक मात्रा असं वाचतो आहोत. तीनाच्या पटीतली ही लय त्या काळी पूर्ण मानली जाई. कलोनच्या फ्रँको या संगीतशास्त्रकाराने १२८० च्या सुमारास कारणही दिलं आहे, तीन हा ख्रिस्ती त्रैक्याचा (पिता, पुत्र, पवित्र आत्मा) आकडा. काकूंच्या हाताने आपोआप दादऱ्याचा ठेका धरला. चालतो.

९ फेब्रुवारी

आज फक्त गंधाराबद्दल.

‘बेआता विसेरा’, मेरीच्या धन्य उदराची स्तुती करणारी तीन आवाजांची रचना. तिन्ही आवाज एकाच अक्षरावर एकदम स्वर बदलतात. खालच्या आवाजापासून मधला तिसऱ्या स्वरावर, वरचा सहाव्यावर, आणि असे तिघं समांतर चालत राहतात. आम्ही पहिली ओळ गायलो आणि दादा म्हणाला, “अगं, हे आजचंच वाटतंय.”

तेव्हाच्या पॅरिसमध्ये असं लिहिणं दोष ठरलं असतं. पक्का संवाद सा-प, सा-म आणि सा-सां यांचाच. गंधार जाता-येता लागला तर चालेल, त्यावर मुक्काम नाही. त्या काळी पॅरिसच्या संगीताची माहिती लिहून ठेवणारा एक ग्रंथकार आहे, बहुधा इंग्रज. नाव कळत नाही म्हणून एकोणिसाव्या शतकातल्या संपादकाने त्याला ‘अनामिक चौथा’ म्हटलं. तो सांगतो की इंग्लंडच्या पश्चिम भागात काही जण दोन्ही गंधार, मोठा आणि लहान, सर्वांत उत्तम संवाद मानतात. वूस्टर त्याच पश्चिमेला.

वूस्टरहून जवळच ईव्हशमचा मठ. तिथला संन्यासी वॉल्टर ओडिंग्टन याने १३०० च्या सुमारास संगीतशास्त्रावर ग्रंथ लिहिला. जुन्या ग्रीक हिशेबाने गंधाराचं गुणोत्तर ८१/६४. ओडिंग्टनचं म्हणणं, हा आकडा संवादी नसला तरी गाणाऱ्यांचे गळे तो स्वर किंचित सरकवून गोड करून घेतात, कारण तो ५/४ च्या अगदी शेजारी आहे. ५/४ म्हणजे ८०/६४. एक्क्याऐंशी आणि ऐंशी, एवढाच फरक.

मी मिरजेची. आमच्याकडे तंबोरे बनतात आणि तिथल्या मुलांना न शिकवता कळतं की खर्ज छेडला की गंधार आपोआप ऐकू येतो, तो कुणी लावत नाही. त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. खर्जाच्या तारेत पाचव्या पटीचं जे कंपन असतं ते हेच, ५/४ चं. आज तंबोरा लावून ‘बेआता विसेरा’ गायलो आणि मधला आवाज पियानोच्या गंधारावरून उतरवून त्या स्वयंभू गंधाराला टेकवला. तिन्ही गळे एकदम एक झाले. ओडिंग्टनने जे कागदावर मांडलं ते त्याने आधी गाऊनच ऐकलं असणार याबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही.

१६ फेब्रुवारी

काम नाही. ऑफिसात महिनाअखेरीची धावपळ लवकर सुरू झाली.

२३ फेब्रुवारी

पानं नीट लावून बघताना एक गोष्ट ध्यानात आली, तीच आता या कामाची दिशा ठरवेल असं दिसतंय. कोणती रचना कशी मोडली हे बांधणीवाल्याच्या सुरीवर जेवढं अवलंबून आहे तेवढंच ती मुळात कशी लिहिली होती त्यावर.

‘बेआता विसेरा’सारख्या रचना, ज्यांना कंडक्टसच्या पद्धतीच्या म्हणतात, तिन्ही आवाज एकाखाली एक लिहितात आणि शब्द फक्त सगळ्यांत खाली. पान अर्धं गेलं तर गाण्याचा अर्धा वेळ जातो, पण उरलेल्या वेळात तिघंही हजर असतात. मोटेटमध्ये प्रत्येक आवाजाचे शब्द वेगळे, म्हणून प्रत्येक आवाज सलग, स्वतंत्र जागी लिहिलेला. पुस्तक उघडलं की बहुधा एक आवाज डाव्या पानावर, दुसरा उजव्या, आधाराचा तळाला. यातलं एक पान गेलं की वेळ शिल्लक राहतो, माणूस जातो. पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत एक पूर्ण आवाज आपल्या हातात असतो आणि तो कुणाशी बोलतोय ते कळत नाही.

आणि तिसरा प्रकार रोंडेलस. वर्णन ओडिंग्टननेच केलं आहे. तीन ओळी, क, ख, ग. पहिला गातो क-ख-ग, त्याच वेळी दुसरा ख-ग-क, तिसरा ग-क-ख. म्हणजे कुठल्याही क्षणी तिन्ही ओळी एकत्रच वाजत असतात, ऐकणाऱ्याला तोच नाद तीनदा ऐकू येतो, बदलतात ते फक्त गळे. तिघांचा पल्ला सारखा असावा लागतो, मोठा आवाज-लहान आवाज असा भेद चालत नाही. इंग्लंडमध्ये ही रीत फार लाडकी होती, वूस्टरच्या पानांत ती जागोजागी भेटते.

आता यातला एकच आवाज सापडला तर? त्याच्याकडे क, ख, ग तिन्ही आहेत. म्हणजे सगळंच आहे.

हे लिहिताना हात थरथरला हे खरं आहे. अभ्यासकांनी कित्येक अपुऱ्या रचना याच आधारावर पुन्हा उभ्या केल्या आहेत, मला ते वाचून माहीत होतं. पण स्वतः पान समोर ठेवून बोटाने ओळ मोजताना कळणं निराळं.

२ मार्च

चाचणी. माझा पोटापाण्याचा धंदाच सॉफ्टवेअर तपासण्याचा, तेव्हा ठरवलं की नुसतं पटून उपयोग नाही. दादाने छापील आवृत्तीतून मी न पाहिलेल्या तीन पूर्ण रचना निवडल्या. एक रोंडेलस, एक कंडक्टसच्या पद्धतीची, एक मोटेट. प्रत्येकीतला एक आवाज झाकून मला सरगम करून दिली. झाकलेला आवाज मी भरायचा, मग ताडून बघायचं.

रोंडेलस : पाऊण तास लागला. ओळी कुठे तुटतात ते आधी शोधलं, मग त्या फिरवून मांडल्या. दोन ठिकाणी चुकले, दोन्ही वेळा दादाने दिलेला स्वर मीच चुकीचा उतरवला होता. बाकी स्वर न्‌ स्वर जुळला.

कंडक्टस : मधला आवाज झाकलेला होता. समांतर चालीत तो जवळजवळ स्वतःच सांगतो कुठे जायचं. पण ओळींच्या शेवटी मी जवळपास प्रत्येक वेळी चुकले, आणि एकाच तऱ्हेने चुकले. शेवटाआधी खालचा रे वर, वरचा नी वर. खालचा उतरून सा वर येतो, वरचा चढून सां वर जातो. मधला म वर आहे हे बरोबर ओळखलं, पण तिथून मी त्याला ग वर उतरवला, कारण सा-ग-सां कानाला भरलेलं वाटतं. मुळात तो चढून प वर जातो, म्हणजे सा-प-सां. वाटेत गंधार-गंधार करत आलेले हे लोक घरी पोचताना बहुधा पंचमावरच टेकतात. गंधारावरच्या प्रेमाबद्दल इतकं वाचून मी ते त्यांच्यापेक्षा जास्त करायला निघाले होते. शेवटाचा तो स्वर माझ्या चर्चमधल्या गाण्यांनी आणि सिनेमातल्या गाण्यांनी घडवलेल्या कानातून आला, पानातून नाही. सगळे शेवट दुरुस्त करून चौघांनी गाऊन पाहिले. सा-प-सां लागल्यावर आधीचे गंधार मागे वळून जास्त गोड वाटतात.

मोटेट : काही जमलं नाही. दोन आवाजांवरून तिसरा मी लिहिला, तो गाता येतो, दोष काढता येत नाही, आणि मूळ आवाजाशी त्याचा काडीचा संबंध नाही. शब्द तर अर्थातच नव्हतेच.

निर्णय : रोंडेलसच्या जातीची जी अपुरी रचना असेल ती पूर्ण करून गायची. मोटेटमध्ये आपला आवाज घुसवायचा नाही.

१६ मार्च

वूस्टरबाहेरची एक रचना यादीत घेतली, चौघांना चार आवाज मिळावेत म्हणून. ‘थॉमस जेमा कँटुआरिए’. केंब्रिजच्या गॉन्व्हिल अँड कीज कॉलेजमधल्या हस्तलिखितात ती आहे, अमेरिकेतल्या प्रिन्स्टनमध्ये असलेल्या इंग्रज सुट्या पानांतही आहे.

वरचे दोन आवाज दोन थॉमसांची गोष्ट शेजारी-शेजारी सांगतात. एक कँटरबरीचा आर्चबिशप थॉमस बेकेट, ११७० मध्ये स्वतःच्या कॅथीड्रलमध्ये मारला गेलेला, ज्याच्या नावाची यात्रा सगळ्या युरोपला माहीत. दुसरा डोव्हरच्या मठातला म्हातारा संन्यासी. १२९५ च्या ऑगस्टमध्ये फ्रेंच सैनिक किनाऱ्यावर उतरले, बाकीचे पळाले, हा मागे राहिला. चर्चमधला ऐवज कुठे आहे ते सांगेना म्हणून त्याला मारलं. त्याचा बोलबाला डोव्हरच्या आसपासच राहिला. मोटेट लिहिणाऱ्याने मात्र दोघांना एकाच उंचीवर गायला लावलं आहे. वरचे दोघे ओळी बदलून घेतात, खालचे दोघे आधार देणारेही बदलून घेतात. जी चाल बेकेटच्या वाट्याला तीच थोड्या वेळाने डोव्हरच्या थॉमसच्या.

भाच्याने बेकेट घेतला, काकूंनी डोव्हरचा थॉमस. त्यांना त्याची गोष्ट फार लागली. सराव संपल्यावरही त्याच्याबद्दलच बोलत होत्या.

मोटेट असूनही ही रचना अदलाबदलीची आहे, म्हणजे २३ फेब्रुवारीची माझी विभागणी वाटली तितकी सरळ नाही. अदलाबदल असेल तिथे मोटेटचाही सूर परत मिळू शकतो, शब्द मात्र नाही. नोंद सुधारली.

३० मार्च

रविवारचा सराव झाला नाही, म्हणून वाचन. वूस्टर नव्हे, रीडिंग या गावातल्या मठाबद्दल.

ब्रिटिश लायब्ररीतलं हार्ली ९७८ हे तेराव्या शतकातलं हस्तलिखित जगभर माहीत आहे ते ‘सुमेर इज इकुमेन इन’ या उन्हाळ्याच्या गाण्यामुळे. चार आवाज एकामागून एक तीच ओळ गातात, खाली दोन आवाज एक लहानशी चाल घोटत राहतात. त्या घोटण्याला ‘पेस’ म्हणतात, लॅटिनमध्ये पाय. सहा जणांचं गाणं, पण लिहायला एक पान पुरलं. दुसऱ्याने कुठे शिरायचं तिथे एक फुली. त्याच चालीखाली लाल शाईत लॅटिन धार्मिक शब्दही आहेत, म्हणजे ते देवळातही गाता यावं.

मला ओढून नेलं ते त्याच हस्तलिखितातल्या दुसऱ्या पानाने. तिथे बहुस्वरी रचनांच्या एका पुस्तकाची अनुक्रमणिका आहे. पुस्तक नाही, फक्त अनुक्रमणिका. आलेलुयांच्या (‘देवाची स्तुती असो’ म्हणणाऱ्या स्तोत्रांच्या) लांब यादीत डब्ल्यू. दे विकुम्बे या संन्याशाचं नाव येतं. हा रीडिंगच्या लेमिन्स्टर शाखेत राहून पुस्तकं नकलून देत होता. मग बॉडलियनमध्ये एका गुंडाळीचे कापलेले तुकडे मिळाले आणि त्यांवरच्या आलेलुया त्याच्याशी जोडल्या गेल्या.

ती अनुक्रमणिका मी दोनदा वाचली. नुसती पहिल्या शब्दांची यादी.

१३ एप्रिल

काकूंना दोन आठवडे ताप. डॉक्टरांनी गाणं सोडा, बोलणंही कमी करायला सांगितलं आहे. त्यांच्याशिवाय ‘आलेलुया साल्लात’चा सराव घेतला. हे घराणं देवाची स्तुती गावो, वाजवो, असे शब्द. वरचे दोघे ओळी बदलतात, तिसरा खालून साथ करतो. वूस्टरच्या पानांतली सगळ्यांत हसरी रचना. काकूंची वरची ओळ नव्हती, मी आणि दादा दोघंच.

भाच्याने फोन लावून शेजारी ठेवला, त्यांना नुसतं ऐकू द्यायला.

२० एप्रिल

‘बेआता विसेरा’ची सरगम पक्की करून सगळ्यांना पाठवली. शेवट सा-प-सां, मधल्या आवाजाच्या गंधारावर लहानशी बाणाची खूण, खाली. तंबोरा पांढरी चारच्या जरा आत.

‘थॉमस’चे उच्चार बाकी. लॅटिन इंग्रजी वळणाने म्हणायचं की इटालियन, यावर दादा आणि भाचा यांचं एकमत नाही. मी इंग्रजी वळणाच्या बाजूने. गाणारे वूस्टरचे होते.

२७ एप्रिल

काकू आल्या. आवाज अजून खरखरीत, पण आल्या. मी छापून ठेवलेला कागद त्यांच्या हातात दिला तर त्यांनी तो पालथा ठेवला. म्हणाल्या, “मला येतंय. तू आधी जे म्हणतेस तेच मला नंतर म्हणायचंय ना? तीन आठवडे तुमचंच ऐकतेय.” पहिल्या फेरीत मी क, त्या ख. दुसऱ्या फेरीत मी ख, त्या क. एकदाही अडखळल्या नाहीत. दमल्या तेव्हा दादाने त्यांची ओळ उचलली, कारण ती त्यालाही येत होती.

सध्याची स्थिती : ‘बेआता विसेरा’ तयार. ‘आलेलुया साल्लात’ तयार. ‘थॉमस’ स्वरांनी तयार, उच्चार बाकी. रोंडेलसच्या अपुऱ्या पानाचं काम निम्मं, ओळींचे तोड लागले आहेत, एका जागी डागाखाली स्वर रे की ग ते ठरत नाही. त्या पानाचा वेगळ्या प्रकाशातला फोटो शोधते.

वूस्टरची चौथी रचना मेरीवरची मोटेट. वरचा एक आवाज पूर्ण, शब्दांसकट, सुंदर. आधाराचा आवाज अर्धा. दुसरा वरचा आवाज ज्या पानावर होता ते पान नाही. अशी पानं अजूनही जुन्या पुठ्ठ्यांमध्ये सापडतात. सरगमच्या कागदावर मी तीन ओळी आखल्या आहेत, पहिली भरली, तिसरी जेवढी आहे तेवढी भरली. मधल्या ओळीत मात्रांच्या उभ्या रेघा मारून ठेवल्या आहेत.